एस्टीम १.३ साठी कॅम: २५६ की २८२? हेड उघडलंय, आठवड्यात ठरवायचंय

सातारी_एस्टीम (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा). मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला आणि हेड गॅस्केट गेलं. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आता फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, दिलंय. व्हॉल्व्ह लॅपिंग, सील, टायमिंग बेल्ट सगळं नवीन होणार आहे. मेकॅनिक म्हणाला, उघडलंच आहे तर कॅम करून घे, परत परत हेड उघडायला नको.

आधी केलेलं काम: ४-२-१ हेडर आणि थोडा मोठा एक्झॉस्ट. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), गिअरबॉक्स, पिस्टन सगळं कंपनीचं.

बाहेरगावच्या एका ग्राइंडरने कंपनीचाच कॅम रीग्राइंड करून, म्हणजे घासून नवा आकार देऊन, द्यायची तयारी दाखवलीय. दोन पर्याय आहेत (ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो, लिफ्ट म्हणजे किती उघडतो, लोब म्हणजे कॅमवरचा उंचवटा, आणि लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन):

पहिला: ड्युरेशन २५६, लिफ्ट ८.६ मिमी, लोब सेपरेशन ११०.
दुसरा: ड्युरेशन २८२, लिफ्ट ९.८ मिमी, लोब सेपरेशन १०६.

पैसे दोन्हीला सारखेच. मित्रांचं म्हणणं, पैसे तेवढेच जाणार तर मोठा घे. मला गाडी रोज ऑफिसला, महिन्यातून दोनदा पुण्याला, आणि रविवारी पहाटे यवतेश्वर घाटातून कासला न्यायची असते. शर्यत करायची नाही, पण घाटात तिला अजून दम असावा असं फार वाटतं. काय करू?

---

टॅपेट_गॅप
सोमवार, रात्री १०:३५

कोल्हापूरहून लिहितोय. उद्यमनगरात आमचं मशीनिंगचं काम आहे, हेडं रोज हाताखालून जातात.

आकडे बाजूला ठेव आणि आधी एक सांग. तुझ्या रोजच्या चालवण्यात आरपीएमचा काटा कुठे असतो? कुठवर जाऊ शकतो ते नको, कुठे असतो ते सांग. ऑफिस, हायवे आणि घाट तिन्ही वेगवेगळे लिही. गाडी उघडी असली तरी वेग आणि गिअर आठवत असेलच.

---

रेडलाइन_नाशिक
सोमवार, रात्री ११:१०

भावा, २८२ घे. मी कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर एक एस्टीम जवळून बघितलीय, मोठ्या कॅमची. साडेसात हजारला ती गाडी जे ओरडायची ते अजून कानात आहे. एकच कॅम असलेल्या इंजिनात लहानसहान बदल करून काय जाणवणार? पुन्हा हेड उघडणार नाहीयेस, तर एकदाच नीट कर.

---

सातारी_एस्टीम
मंगळवार, सकाळी ७:१५

दादा, विचार केल्यावर आठवलं ते असं.

ऑफिस: पोवई नाक्यावरून, दुसरा-तिसरा गिअर, ३०-४५ चा वेग. काटा १८०० ते २५००.
हायवे: पाचव्यात १०० ला ३००० च्या जरा वर.
यवतेश्वर घाट: बहुतेक दुसरा गिअर, ३५-४० ला २६०० ते ३०००. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की ४५००, क्वचित ५०००. साडेपाच हजारच्या वर मी वर्षातून चार वेळाही नेत नसेन.

---

टॅपेट_गॅप
मंगळवार, सकाळी ९:०५

म्हणजे उत्तर तूच दिलंस. तरी कारण नीट कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅम इंजिनात दम नव्याने तयार करत नाही. आहे तो दम तो आरपीएमच्या पट्टीवर वर किंवा खाली सरकवतो. हिशोब करून बघ. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. त्याला १.३४ ने गुणलं की बीएचपी. तुझ्या इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद ८५ बीएचपी, ६००० ला. उलटा हिशोब केला तर ६००० ला टॉर्क जेमतेम १०० न्यूटन-मीटर उरतो. आता तेच १०० न्यूटन-मीटर ७००० पर्यंत टिकवून धरलं, तर ९८ बीएचपी होतात. मोठा कॅम करतो ते एवढंच. खालचं काढून वर देतो. तू वर जातच नाहीस, तर ते तुला मिळणार कुठे?

आता खालचं जातं कसं ते बघ. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच बंद होत नाही, बराच उशिरा होतो. वेगात हे फायद्याचं असतं, कारण आत धावत येणारी हवा स्वतःच्या वेगाने पिस्टन वर यायला लागला तरी आत घुसत राहते. पण २००० आरपीएमला हवेला तेवढा वेगच नसतो. पिस्टन वर येतो आणि आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ती जिथून आली त्या नळ्यांत, ढकलतो.

तुझ्या दोन कॅमचं गणित मांडलं. इनटेक सेंटरलाइन (पिस्टन सर्वांत वर असल्यापासून इनटेक पूर्ण उघडेपर्यंतचे क्रँकचे अंश) पहिल्याची १०८ आणि दुसऱ्याची १०६ धरली. पहिला तळानंतर ५६ अंशांवर बंद होतो, दुसरा ६७ वर. स्ट्रोक ७५.५ मिमी आणि कॉन-रॉड १२० मिमी धरला, तर व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा पिस्टनला वर जायला पहिल्यात ६३ मिमी उरलेले असतात, दुसऱ्यात साडेसत्तावन्न. म्हणजे खरं कॉम्प्रेशन तेवढ्याच अंतरात होतं. कागदावरचं कॉम्प्रेशन ९:१ धरलं, तर पहिल्या कॅमला प्रत्यक्षात साधारण ७.७ मिळतं आणि दुसऱ्याला ७.१. हा जो अर्ध्याहून जास्तचा फरक आहे, तो तुला पोवई नाक्यावर क्लच सोडताना रोज जाणवेल.

२८२ घालून खालचा दम टिकवायचा तर कागदावरचं कॉम्प्रेशन पावणेदहाच्या आसपास न्यावं लागेल. फेसिंगने ते करायचं म्हटलं तर ०.८ मिमीपेक्षा जास्त मारावं लागतं. वीस वर्षांच्या, एकदा तापलेल्या हेडावर मी ते करणार नाही.

हे माझं एकट्याचं मत आहे असं समजू नकोस. सुझुकीने याच १२९८ सीसीचं दोन कॅमचं इंजिन परदेशात स्विफ्ट जीटीआयमध्ये दिलं होतं. साधारण १०० बीएचपी, साडेसहा हजारला. बोअर-स्ट्रोक तेच, पण कॉम्प्रेशन १०:१ होतं. म्हणजे कॅम मोठा केला तेव्हा कंपनीने कॉम्प्रेशनही वाढवलं. एकट्या कॅमवर ते थांबले नाहीत.

---

जिप्सी_१३
मंगळवार, दुपारी १:२०

माझी जिप्सी किंग, तेच इंजिन. चार वर्षांपूर्वी मी २८० चा कॅम घातला होता आणि नऊ महिन्यांनी काढला. काय झालं ते सांगतो, कारण हे कुणीही आधी सांगत नाही.

पहिल्या दिवशी आयडलिंगचा तो डुगडुग आवाज ऐकून खूप आनंद झाला होता. १२०० च्या खाली इंजिन उभंच राहायचं नाही. आठवड्याने मी पौडजवळच्या एका फार्महाउसच्या गेटातून गाडी रिव्हर्स घेत होतो. चढ, अरुंद जागा, मागे लोखंडी गेट. ब्रेक, क्लच, ब्रेक, क्लच असं चार-पाच वेळा झालं आणि सहाव्या वेळी ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालं. पूर्ण वजन टाकून दाबलं तेव्हा गाडी थांबली, गेटपासून वीतभर अंतरावर. गेटपलीकडे माझी मुलगी उभी होती.

कारण नंतर कळलं. ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. मोठ्या कॅमला आयडलिंगला व्हॅक्यूमच राहत नाही. गेज लावून बघितलं तर दहा इंच पारासुद्धा धड दाखवत नव्हता. ताम्हिणी उतरताना काही जाणवायचं नाही, कारण तिथे पाय उचललेला, गाडी गिअरमध्ये आणि इंजिन वेगात असतं, व्हॅक्यूम भरपूर. घात होतो तो आयडलिंगला, हळू चालताना, पार्किंगमध्ये. आपण जिथे सावध नसतो तिथे.

घरची माणसं ज्या गाडीत बसतात तिच्यात २८२ घालू नका. कळकळीने सांगतोय.

---

रेडलाइन_नाशिक
मंगळवार, दुपारी २:०५

जिप्सी दादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

एक विचारतो. होंडाच्या व्हीटेक सिटीला तर १०६ बीएचपी होते, दीड लिटरमध्ये, तेही ६८०० ला, आणि ती गाडी आयडलिंगला एकदम शांत. तिथे हे दोन्ही कसं जमतं?

---

टॅपेट_गॅप
मंगळवार, दुपारी ३:४०

कारण तिथे एका कॅमवर दोन प्रकारचे लोब आहेत. खाली लहान लोब काम करतो, वर ऑइलच्या दाबाने रॉकरमधली (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा) पिन सरकते आणि मोठा लोब व्हॉल्व्ह हलवायला लागतो. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात हे आणलं ते याच अडचणीवर उपाय म्हणून. आपल्या इंजिनात लोबचा एकच संच आहे, त्यामुळे आपल्याला एकच जागा निवडावी लागते.

---

लॅम्बडा
मंगळवार, रात्री ८:३०

मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते. ईसीयूबद्दल लिहिते, कारण धागाकर्त्याने 'ईसीयू कंपनीचा' असं एका ओळीत म्हटलंय आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर अडतो.

या इंजिनाचा ईसीयू आत येणारी हवा थेट मोजत नाही. तो मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून अंदाज करतो. कंपनीच्या कॅमला आयडलिंगला दाब किती असतो ते त्याच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. तुम्ही ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे असण्याचा काळ) वाढवला की आयडलिंगलाच मॅनिफोल्डमधला दाब वाढतो. ईसीयूला वाटतं गाडीवर लोड आला, आणि तो पेट्रोल वाढवतो. त्यात ओव्हरलॅपच्या वेळी थोडी न जळलेली हवा सरळ एक्झॉस्टमध्ये जाते. तिथला ऑक्सिजन सेन्सर ती बघून म्हणतो, मिश्रण पातळ आहे, अजून टाका. दोन्ही चुका एकाच दिशेला. प्लग काळे, अॅव्हरेज कमी, आणि कॅट (धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) असेल तर तो तापून जातो.

ओव्हरलॅप मोजायला सोपा आहे. दोन्ही बाजूंचं ड्युरेशन सारखं असेल तर ड्युरेशन वजा लोब सेपरेशनची दुप्पट. पहिला कॅम: २५६ वजा २२० म्हणजे ३६ अंश. दुसरा: २८२ वजा २१२ म्हणजे ७० अंश. जवळपास दुप्पट. ३६ ला कंपनीचा ईसीयू सांभाळून घेईल असं मला वाटतं. आयडलिंग नेहमीपेक्षा शंभर-दीडशे आरपीएम वर ठेवावं लागेल, बस. ७० ला स्टँडअलोन (वेगळा, हवा तसा ट्यून करता येणारा) ईसीयू आणि डायनोवर (ताकद मोजणारं मशीन) दिवसभर ट्यूनिंग लागेल, आणि तो खर्च कॅमच्या कितीतरी पट होईल.

पीयूसीचंही बघा. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला सीओ ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. ७० अंशांच्या ओव्हरलॅपला आयडलिंगला अधूनमधून मिसफायर होतो, आणि मिसफायर म्हणजे न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर. तुमची गाडी पंधरा वर्षांवरची, म्हणजे फेरनोंदणीला आरटीओत फिटनेस दाखवावाच लागतो. तिथे डुगडुगती गाडी घेऊन उभं राहणं नको.

---

मिशिगनकर
बुधवार, पहाटे ५:१०

मी मूळचा सांगलीचा, गेली सतरा वर्षं मिशिगनमध्ये. माझ्याकडे शेवरलेची जुनी ३५० क्युबिक इंचांची व्ही-८ आहे, म्हणजे ५.७ लिटर. इथे कॅमवर लोक तासन् तास बोलतात. त्यातलं एक तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो.

इथल्या कॅटलॉगमध्ये २८० चा कॅम 'रस्त्यावर चालणारा' म्हणून विकला जातो आणि ते त्या इंजिनाला बऱ्यापैकी खरं आहे. पण त्या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये ७१६ सीसी आहेत, एस्टीमच्या एका सिलिंडरमध्ये ३२५. मोठ्या सिलिंडरला भरायला हवा जास्त लागते, त्यामुळे तेच अंश तिथे सौम्य वाटतात. शिवाय खालून येणारा टॉर्क मुळातच एवढा असतो की थोडा गेला तरी भागतं. तुमच्या १.३ मध्ये उधळायला काही शिल्लकच नाही. तेव्हा अमेरिकन व्हिडिओ बघून अंशांचे आकडे ठरवू नका. लहान इंजिनाला तोच आकडा फार जहाल होतो.

दुसरं म्हणजे आकडा कुठे मोजलाय ते विचारा. इथे कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर दोन ड्युरेशन असतात. एक जाहिरातीचं, आणि एक ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिमी लिफ्टवर मोजलेलं. जाहिरातीचा आकडा प्रत्येक जण आपल्या सोयीच्या ठिकाणाहून मोजतो. दोन दुकानांचे '२५६' एकसारखे असतीलच असं नाही.

---

सातारी_एस्टीम
बुधवार, सकाळी ८:४०

जिप्सी दादांचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. आमच्या घराच्या गेटापाशीही असाच चढ आहे, आणि आई रोज तिथे तुळशीपाशी उभी असते. २८२ चा विषय माझ्यापुरता संपला.

ग्राइंडरला फोन केला. १ मिमी लिफ्टवर २१२ अंश म्हणतो. आता शंका अशी की रीग्राइंड टिकतो का? आमचा मेकॅनिक म्हणतो, सहा महिन्यांत लोब खाल्ले जातात.

---

टॅपेट_गॅप
बुधवार, सकाळी ११:००

टिकतो, नीट केला तर. तुझा मेकॅनिक म्हणतो तसं झालेलंही मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्याचं खोटं नाही.

रीग्राइंडमध्ये लोबच्या टोकावर धातू चढवत नाहीत. खालचा गोल भाग, बेस सर्कल, घासून लहान करतात, म्हणजे टोक तुलनेने उंच होतं. यातून दोन गोष्टी होतात. बीडाच्या कॅमचा वरचा थर कडक असतो, तो घासताना कमी होतो. तो किती उरला हे कडकपणा तपासून घ्यायचं, ग्राइंडरकडे मागायचंच. दुसरं, बेस सर्कल खाली गेल्यामुळे रॉकर खाली बसतो आणि टॅपेटचा स्क्रू (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणारा) जास्त बाहेर काढावा लागतो. फार बाहेर आला तर स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या मधोमध न बसता कडेला घासतं. फिटिंगच्या वेळी प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लाव, हाताने इंजिन दोन फेरे फिरव आणि शाई कुठे पुसली गेली ते बघ. मधोमध बारीक पट्टा दिसला की काम झालं.

रॉकरचे पॅड बघितलेस का? तिथे बोट फिरव. नखाला खाच लागली तर नवीन कॅमवर ते रॉकर घालायचे नाहीत. जुन्या रॉकरच्या खाचेने नवीन लोब खाल्ला जातो. 'सहा महिन्यांत गेला' याच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. कॅम नवा, रॉकर जुने.

स्प्रिंगचं: ८.६ मिमी लिफ्टला व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मिळून किमान १ मिमी जागा उरली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि ऑइल सीलमध्येही साधारण तेवढी. नवीन सील कधी कधी जुन्यापेक्षा उंच असतात, त्यामुळे सील बसवल्यावर परत मोजायचं.

आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधली जागा मोजल्याशिवाय बेल्ट चढवायचा नाही. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थाप, वरून ऑइलचा हात फिरव, हेड जुन्या गॅस्केटवर बसव, टॅपेट लावून हाताने दोन पूर्ण फेरे. हेड काढून माती ब्लेडने काप आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोज. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच असेल तर निर्धास्त राहा. फेसिंग किती मारलंय?

---

सातारी_एस्टीम
बुधवार, दुपारी १२:२०

फेसिंग ०.३ मिमी. रॉकर बघितले, तीन पॅडवर नखाला खाच लागतेय. संपूर्ण संच बदलतोय.

---

सातारी_एस्टीम
अकरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:००

कॅम आला. शाईचा पट्टा मधोमध आहे. मातीची जाडी सर्वांत कमी जागी इनटेकला २.६, एक्झॉस्टला ३.१ मिमी.

पण एक अडचण आली. मिशिगनकरांचं वाचून अंश मोजायला डिग्री व्हील आणि लिफ्ट मोजायला डायल गेज आणलं, एका मित्राच्या वर्कशॉपमधून. स्पार्क प्लगच्या भोकातून स्टॉप लावून टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) शोधला, दोन्ही बाजूंनी फिरवून मधला बिंदू घेतला. मग इनटेकच्या सर्वोच्च लिफ्टच्या दोन्ही बाजूंना समान लिफ्टवर अंश लिहिले आणि सरासरी काढली. तीनदा केलं. तिन्ही वेळा सेंटरलाइन ११२ येतेय. कार्डावर १०८ लिहिलंय. बेल्टच्या टायमिंगच्या सगळ्या खुणा जुळलेल्या आहेत. फेसिंग मारल्यामुळे कॅम मागे पडला असेल का?

---

टॅपेट_गॅप
रविवार, रात्री १०:१५

तीनदा मोजलंस हे फार चांगलं केलंस.

फेसिंगने कॅम मागे पडतो हे खरं, पण एवढा नाही. पुली साधारण १२ सेंमी व्यासाची धर. ०.३ मिमी भागिले ६० मिमी, म्हणजे कॅमचा ०.३ अंशही नाही, क्रँकचा जेमतेम अर्धा. चार अंश फेसिंगमधून येऊच शकत नाहीत. बेल्टचा दातही चुकलेला नाही. पुलीला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश होतात. मग उरतो तो कॅमच. घासताना पुलीच्या पिनच्या जागेशी लोबचा कोन दोन अंश चुकलाय. कॅमचे दोन अंश म्हणजे क्रँकचे चार.

असाच बसवलास तर इनटेक ५६ ऐवजी ६० ला बंद होईल. लहान कॅम घेऊन मिळवलेल्या खालच्या दमातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिथेच जाईल, आणि तू म्हणशील कॅममध्येच दम नाही. अॅडजस्टेबल पुली घे आणि १०८ वर आण. एकच कॅम असल्यामुळे इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही एकत्र सरकतील, लोब सेपरेशन ११० आहे तेच राहील. पुली सरकवल्यावर मातीची परीक्षा पुन्हा करायची. कॅम पुढे आणला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो.

---

लॅम्बडा
सोमवार, सकाळी ७:५०

हे वाचून बरं वाटलं. कामाच्या ठिकाणी आम्हीही कॅम हातात आला की आधी मोजतो, कार्ड नंतर उघडतो.

पहिल्यांदा सुरू करताना: लोबवर आणि पॅडवर मॉलीची (घर्षण कमी करणारी) पेस्ट लावा. आधी इंजेक्टरचं कनेक्शन काढून स्टार्टरने ऑइल वरपर्यंत पोचवा. मग इंजिन सुरू होताच आयडलिंगवर सोडू नका, वीस मिनिटं २००० ते २५०० मध्ये खाली-वर करत ठेवा. पॅड घासत चालणाऱ्या रॉकरला झिंकवालं ऑइल लागतं. आजकालच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे, तेव्हा निदान पहिल्या हजार किलोमीटरला झिंक जास्त असलेलं, थोडं जाड ऑइल वापरा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला मात्रा जास्त लागते. साध्या चालवण्यात सेन्सर ते भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही. एकदा वाइडबँड (हवा-पेट्रोलचं मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर) लावून चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल तपासून घ्या. नुकतंच हेड गॅस्केट गेलेल्या इंजिनात मिश्रण पातळ राहू देऊ नका.

---

सातारी_एस्टीम
नऊ दिवसांनी, बुधवार, रात्री ८:१०

पुली बसवली. सेंटरलाइन १०८. माती पुन्हा: इनटेक २.३. बेल्ट चढवला. वीस मिनिटं घड्याळ लावून केली, त्यातली पहिली पाच मिनिटं मी श्वास धरूनच उभा होतो.

आयडलिंग ९५० ला स्थिर. व्हॅक्यूम साडेसोळा इंच. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे मुंबईत असतो तर अजून दोनेक इंच जास्त दिसला असता. आयडलिंगला ब्रेक सलग दहा वेळा दाबला, पेडल मऊच राहिलं. जिप्सी दादा, हे पहिलं तपासलं. पीयूसीत सीओ ०.३१, हायड्रोकार्बन १८०. वाइडबँडवर फुल थ्रॉटल ५००० च्या वर थोडं पातळ येत होतं. फ्युएल प्रेशर जरा वाढवून ते जागेवर आणलं.

रविवारी पहाटे सव्वापाचला यवतेश्वर. नेहमीचा दुसरा गिअर. ते दोन नंबरचं डावं वळण, जिथून बाहेर पडताना पूर्वी पाय पूर्ण दाबला तरी गाडी विचार करत बसायची, तिथे २८०० ला पाय दाबला आणि ती लगेच निघाली. ३५०० ते ५५०० या पट्ट्यात फरक स्पष्ट आहे, सीट पाठीला लागते. पूर्वी ५००० नंतर आवाज वाढायचा आणि वेग नाही, आता ६००० पर्यंत ओढते. पोवई नाक्यावर काहीही बदललेलं नाही. तिसऱ्यात १८०० ला आधीसारखीच चालते. वडिलांनी काल बाजारात नेली, आल्यावर म्हणाले, गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, टायर बदललेस का?

---

रेडलाइन_नाशिक
बुधवार, रात्री ९:३०

अभिनंदन भावा. मी माझ्या गाडीसाठी २८० ची ऑर्डर दिली होती, ती आज थांबवली. आधी आठवडाभर काटा कुठे असतो ते लिहून काढतो आणि मग इथेच विचारतो.

---

टॅपेट_गॅप
गुरुवार, सकाळी ८:२०

छान झालं. आता ५०० किलोमीटरला टॅपेट कव्हर उघड, इंजिन थंड असताना, आणि प्रत्येक गॅप मोजून वहीत लिही. १००० ला परत. सगळे थोडेथोडे बदलले तर काळजी नाही, ते बसण्यातलं असतं. पण एखाद्याच टॅपेटचा गॅप बाकीच्यांपेक्षा वाढलेला दिसला, तर तो लोब चाललाय असं समज. नुसता स्क्रू पिळून गाडी पुढे चालवू नकोस, लोबचा फोटो इथे टाक.

---

सातारी_एस्टीम
पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:००

५०० आणि १००० दोन्ही झालं. वहीचा फोटो जोडलाय. सगळ्यात मोठा फरक ०.०२ मिमी, तो दोन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टला, आणि ५०० नंतर तो तिथेच थांबलाय.